एक डी आणि एक नारळ

मी शिक्षकाची मुलगी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ तिथं आहे. माझे वडील मुलुंडच्या एका शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवायचे, आणि घरी आल्यावरही शिकवायचेच. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त व्हायच्या, मग लग्न कुणाचं आहे ते बघितलं जायचं. बाकीच्या मुलींना घरून दागिने मिळाले, मला शुद्धलेखन मिळालं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची काही वर्षं मी अंधेरी पूर्वेला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी म्हणजे मसाल्याच्या कारखान्याशेजारच्या इमारतीतला एक मजला. त्या मजल्यावर आम्ही अकरा प्रोग्रामर आणि एक मशीन. मशीनला स्वतंत्र काचेची खोली होती आणि खोलीला एसी. आम्हाला पंखे होते. मशीनच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि आवाज खाली आणावा लागे. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र बूट घालून गेलं तरी चालायचं, यावरून कुणाची किंमत काय होती ते समजून घ्यावं.

परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयासाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. पुस्तक कुणी नेलं, कधी परत केलं, सभासद राहतो कुठे, असली कामं. असे चाळीस प्रोग्राम आम्ही आपापसात वाटून घेतले होते. प्रत्येकजण आपापल्या टर्मिनलवर आपापला संसार करायचा, आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता मशीन सगळ्यांचं लिखाण एकत्र घेऊन जुळवायला बसायचं. याला बिल्ड म्हणत. जुळलं तर संध्याकाळपर्यंत टेप तयार होऊन सहारच्या विमानतळाकडे रवाना व्हायची. एकाचंही काही बिनसलं तर सगळ्यांचं थांबायचं. अकरा जणांच्या एकत्र कुटुंबात कुणीतरी एकानं भातात मीठ जास्त टाकलं की सगळेच उपाशी, तसला प्रकार.

सगळ्यांच्या प्रोग्रामांना लागणारी एक सामाईक फाइल होती. सभासदाच्या नोंदीत कोणकोणते रकाने आहेत आणि त्यांची नावं काय, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं असे, आणि चाळीसही प्रोग्राम तिच्यावर विसंबून असत. म्हणून नियम होता की सामाईक फाइलला हात लावायच्या आधी सगळ्यांना विचारायचं, बदल केल्यावर फक्त आपला नाही तर सगळ्यांचे प्रोग्राम मशीनवर चालवून बघायचे, आणि दोरीनं खिळ्याला बांधलेल्या वहीत तारीख, बदल आणि सही लिहायची. हा नियम पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर टांगलेला होता. अक्षर माझं होतं. नियमही मीच केला होता. त्या मजल्यावर बेजबाबदारपणा कुणाचा खपवून घ्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं, आणि 'माझा प्रोग्राम तर चालला होता' असं कुणी म्हटलं की मी त्याला चहा संपेपर्यंत सुनवत असे.

आता नारळ. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. हार, हळदकुंकू, पेढे, सगळं साग्रसंगीत. पण नारळ फोडायला मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरनं पहिल्याच वर्षी मनाई केली होती, कारण पाण्याचा थेंब आत गेला असता तर देवही वाचवू शकला नसता. त्यामुळे पूजेचा नारळ आख्खाच राहायचा. तो करायचा काय, यावर आमच्या टीम लीडरनं तोडगा काढला. हा बोरिवलीचा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, आणि विनोदाची खाज दांडगी. ज्याच्यामुळे बिल्ड फुटेल त्याच्या टर्मिनलवर नारळ ठेवायचा. पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत तो तिथंच. नोकरीवरून काढण्याला आपल्याकडे नारळ देणं म्हणतात, त्यावरची ही कोटी. वर्षभर तो नारळ या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. लीडरला स्वतःला तो तीनदा मिळाला होता आणि त्यानं तिन्ही वेळा त्याला टोपी घातली होती. आम्ही खूप हसायचो. नोकरी पक्की असली की या कोटीला छान हसता येतं.

आमच्यात एकाची पक्की नव्हती. तो विक्रोळीचा, माझ्याच वयाचा, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होता आणि हा घोळ झाला त्या महिन्याच्या अखेरीस उमेदवारी संपणार होती. वडील विक्रोळीच्याच एका कारखान्यात फिटर, मूळ घर बुलढाण्याकडे. बोलायला मोजका, कामाला चोख. सामाईक फाइलला हात लावताना खरोखर बाकीच्या दहाही जणांच्या खुर्चीपाशी जाऊन 'मी बदल करतोय, चालेल ना?' असं विचारणारा तो एकटाच. माझा नियम पाळणारा आख्ख्या मजल्यावर एक माणूस होता, आणि तो मी नव्हते.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आठवड्यात सोमवारी त्यानं सामाईक फाइलमध्ये टेलिफोन नंबरासाठी एक रकाना वाढवला. सगळ्यांना विचारलं, चाळीसही प्रोग्राम चालवून बघितले, वहीत लिहिलं, सही केली. मंगळवारी तो घरच्यांबरोबर नागपूरला गेला. दसऱ्याला दरवर्षी ते दीक्षाभूमीवर जात. रजेच्या अर्जात त्यानं 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं होतं. का लिहिलं होतं, हे विचारण्याची आम्हाला कधी गरज पडली नाही, कारण आम्हा सगळ्यांना ते न विचारता कळत होतं. आम्ही मुंबईची शिकलेली माणसं, आमच्याकडे असलं काही नव्हतं. फक्त नवीन माणूस आला की त्याचं आडनाव दोनदा विचारलं जायचं, नीट ऐकू आलं नाही म्हणून.

बुधवारी खंडेनवमी. साडेतीनला सगळे पूजेच्या गडबडीत होते. मी साडी नेसून आले होते आणि गुरुजी यायचे होते, म्हणून टर्मिनलसमोर टेकले. सामाईक फाइल उघडली, आणि मला तो शब्द दिसला. पत्त्याच्या रकान्याचं नाव. कुणीतरी पहिल्या दिवशी ते लिहिताना 'अॅड्रेस'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक डी खाल्ला होता, आणि तेव्हापासून चाळीस प्रोग्रामांत सगळे इमानेइतबारे एकाच डीनं पत्ता लिहीत होते. सहा महिने ते माझ्या डोळ्यांत खुपत होतं. सणाचा दिवस, अंगावर नवी साडी, आणि समोर ही घाण. मी एक डी टाकला. माझ्या हातात तेव्हा जो प्रोग्राम होता त्यातही टाकला, तो चालवून बघितला, उत्तम चालला. तेवढ्यात आरतीची घंटा वाजली. विचारलं कुणाला नाही, बाकीचे एकोणचाळीस चालवून बघितले नाहीत, वहीत लिहिलं नाही. पेढे मात्र दोन घेतले.

शुक्रवारी दहाला बिल्ड सुरू झाला आणि सव्वादहाला फुटला. प्रिंटरमधून हिरव्या पट्ट्यांचा कागद वाहायला लागला. प्रत्येक ओळीवर तीच तक्रार, की एका डीचा पत्ता सापडत नाही. एकोणचाळीस प्रोग्राम एका सुरात रडत होते. एकच प्रोग्राम शहाण्यासारखा गप्प होता, तो माझा. मी पहिला कागद वाचला आणि मला कळलं, हा माझाच डी.

त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. 'अरे, मी केलं ते' एवढे चार शब्द होते. पण मी भिंतीकडे बघितलं तर माझा पुठ्ठा, माझं वळणदार अक्षर. आणि माझ्याकडे येऊन कुणी काही विचारलंसुद्धा नाही. लीडरनं वही उघडली, शेवटची नोंद वाचली आणि नाव मोठ्यानं सांगितलं.

"पूजेक नाय होतो तो," लीडर म्हणाला. "मगे आणखी काय होतला?"

दोघेतिघे हसले. कागद पुढे कुणी वाचला नाही. गुन्हेगार सापडल्यावर गुन्ह्याची चौकशी करण्यात काय अर्थ. टेपवरून सोमवारच्या आधीची जुनी सामाईक फाइल परत आणली, त्यात माझा डी गेला आणि त्याचा टेलिफोनचा रकानाही गेला. माझ्या प्रोग्रामातला डी मी कुणाच्या नकळत काढून टाकला. दुपारी बिल्ड पुन्हा लावला, पण टेपचं विमान चुकलं. साहेबांना परदेशी फोन करून माफी मागावी लागली, आणि माफी मागून आलेला साहेब हा नेहमी कुणाला तरी शोधत असतो. लीडरनं पूजेचा ताजा नारळ उचलला आणि नागपूरला गेलेल्या माणसाच्या टर्मिनलवर ठेवला. या वेळी टोपी घातली नाही. मी मूग गिळून बसले होते.

सोमवारी तो आला. नारळ बघितला, बाजूला सरकवला, बसायच्या आधीच प्रिंटरजवळच्या टोपलीतून शुक्रवारचा कागद काढला आणि वाचायला लागला. सगळा वाचला. मग वही घेऊन लीडरकडे गेला.

"ही नोंद माझी आहे, कारण नोंद मी केली," तो म्हणाला. "ज्यानं केलीच नाही, त्याची इथं कशी सापडेल?"

"जाऊ दे रे, यार. मस्करी असते," लीडर म्हणाला. "मला नाही का मिळाला तीनदा?"

"तू पर्मनंट आहेस."

लीडर हसला आणि परत कामाला लागला. तो वाईट माणूस नव्हता. आमच्यात वाईट माणूस कुणीच नव्हता, हीच तर अडचण होती. मंगळवारी साहेबांनी विक्रोळीच्या त्या उमेदवाराला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेलं पत्र दिलं. उमेदवारीची मुदत तीन महिन्यांनी वाढवण्यात येत आहे, सामाईक कामातील जबाबदारीची जाणीव वाढावी ही अपेक्षा. ती भाषा ओळखीची वाटली. माझ्याच पुठ्ठ्यावरून उतरवलेली होती.

तो बाहेर आला तेव्हा मी त्याच्या वाटेत उभी होते आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं आणि जागेवर जाऊन बसला. संध्याकाळी जाताना त्यानं तो नारळ पिशवीत टाकून नेला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं स्टीलचा डबा उघडला. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या, वेलची घातलेल्या, एकसारख्या कापलेल्या.

"आईनं केल्यात," तो म्हणाला. "घरी सांगितलं, ऑफिसात नारळ मिळाला. आई म्हणाली, मग सगळ्यांना तोंड गोड करून ये."

म्हणजे त्याच्या आईला वाटलं होतं, त्याचा सत्कार झालाय. आम्ही दहा शिकलेल्या माणसांनी रचलेली कोटी विक्रोळीच्या त्या बाईला कळली नाही, कारण ती सरळ माणूस होती. कुणाचाच हात डब्याकडे जाईना. मग एकेकानं घेतली. लीडरनं घेतली, पुटपुटला, "वर्साचो नारळ खाल्लो रे यान," आणि वडी तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत बसला.

डबा माझ्यापाशी आला. मी एक उचलली.

"तुला दोन," तो हळूच म्हणाला. "एक डी जास्तीचा होता ना."

मी वर बघितलं. "कसं कळलं?"

"चाळीसांतला एकच प्रोग्राम पास झाला होता, तुझा. आणि तो कागद नसता तरी कळलं असतं. या मजल्यावर स्पेलिंगचा त्रास दुसऱ्या कुणाला आहे?"

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगून बघितलं. म्हणाले, दुसऱ्यावर ढकलू नकोस."

त्यानं डब्याला झाकण लावलं. त्या दोन वड्या मी खाल्ल्या. उत्तम झाल्या होत्या. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि सगळ्यात जास्त लाज याची वाटली, की तो मला वाचवायला गप्प बसला असेल असं मी सोमवारपासून मनाशी धरून बसले होते. तो गप्प नव्हताच बसला. त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मी तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं की बिल्ड माझ्यामुळे फुटला. सामाईक फाइलमध्ये मी हात घातला, विचारलं नाही, वहीत लिहिलं नाही, आणि शुक्रवारपासून माहीत असून बोलले नाही. साहेबांनी चष्मा काढला.

"केलंस काय नक्की?"

"स्पेलिंग सुधारलं."

"एवढंच?" त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अगं, मग चांगलंच केलंस की. होतं असं कामाच्या गडबडीत. त्यात सण होता. वडील शिक्षक ना तुझे?"

"त्याचं पत्र मागं घ्या, सर."

"पत्राची कॉपी हेड ऑफिसला गेली. आता मागं घ्यायचं म्हणजे चूक झाली असं लिहून द्यावं लागेल."

"झालीच ना चूक."

"तुझी झाली," साहेब म्हणाले. "पत्रावर सही माझी आहे."

"मी लिहून देते. मला पत्र द्या."

"पूजेला साडी नेसून पुढे पुढे करणारी मुलगी तू. तुला कसलं पत्र देऊ?" ते हसले. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. जा, काम कर."

एकाच मजल्यावर, एकाच आठवड्यात, एकाच फुटलेल्या बिल्डसाठी दोन निवाडे झाले. ज्यानं सगळं नीट केलं होतं त्याला जबाबदारीची जाणीव वाढवायची होती, आणि जिनं वाट लावली होती तिचं 'होतं असं'. मी केबिनमधून बाहेर आले ती थेट वहीपाशी. तारीख घातली आणि लिहिलं: सामाईक फाइल, एक डी वाढवला, कोणालाही विचारले नाही, कोणाचाही प्रोग्राम चालवून पाहिला नाही, बिल्ड माझ्यामुळे फुटला. खाली सही केली. 'कोणालाही'मधला ही दीर्घ आहे की नाही ते एकदा तपासलंसुद्धा, माणूस इतक्या लवकर सुधारत नाही. लीडरनं दुसऱ्या दिवशी ती नोंद वाचली. मग म्हणाला, "अक्षर मात्र झकास आहे तुझं," आणि निघून गेला. बाकी कुणी ती वही कधी वाचतच नसे. ती खापर फोडायला ठेवलेली होती, वाचायला नाही.

मी साहेबांच्या मागे लागले. हेड ऑफिसला स्वतःच्या सहीनं पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी तो पक्का झाला. त्याच्याबरोबर हेड ऑफिसात लागलेल्या सगळ्यांपेक्षा तो तीन महिन्यांनी मागे राहिला, आणि मी तिथं होते तोवर बढतीच्या प्रत्येक यादीत ते तीन महिने मला दिसत राहिले. माझा डी काही परत आला नाही. त्या ग्रंथालयात पुढे कित्येक वर्षं सगळे सभासद एकाच डीच्या पत्त्यावर राहिले आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. वहीत नोंद केली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी अंधेरी स्टेशनबाहेरच्या मंडईतून एक नारळ घेतला, चांगला, शेंडीवाला, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या टर्मिनलवर ठेवला. म्हटलं, ज्याचं त्याला. आता येतील, हसतील, विचारतील, मग मी सांगेन. नियमाप्रमाणे जे त्याला मिळालं ते मला मिळालंच पाहिजे.

पहिली आली ती शेजारच्या टेबलावरची. "सत्यनारायण घातलास?" तिनं विचारलं. "प्रसाद नाही आणलास?"

मी म्हटलं, बिल्ड मी फोडला म्हणून ठेवलाय. ती हसली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेली. दुपारी दुसऱ्या एकानं, लग्न ठरलं का, म्हणून विचारलं. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, तू पण ना. साहेब जाता जाता थांबले, नारळाला हात लावून नमस्कार केला आणि पुढे गेले. शनिवारपर्यंत तो नारळ तिथं होता. कुणीतरी त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं.

शनिवारी निघताना तो माझ्या टेबलापाशी आला. खांद्याला पिशवी, हातात रिकामा डबा. नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरी घेऊन जा तो," तो म्हणाला. "उगाच नासेल. तुझ्या टेबलावर तो नुसता नारळच दिसतो."